कानाच्या पाळीखालचा कोपरा

९ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. आईंनी विणलेला गळपट्टा मिळाला. इथे थंडी अजून सरलेली नाही, त्यामुळे वॉर्डात राउंड घेतानाही तो गळ्यात असतो. नर्स हसतात, हसू देत.

तो गेला त्याला परवा वर्ष झालं. मी फोन करायला हवा होता. हातात घेऊन ठेवून दिला. तुम्हीही केला नाहीत, आणि त्याचं मला बरंच वाटलं. फोनवर आपण तिघं "जेवलीस का, जेवलात का" यापलीकडे जातच नाही. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. नवरा गेल्यावरही सासऱ्यांना पत्र लिहिणारी सून आता फक्त मीच उरले असेन.

एक अडचण आहे, आणि ती तुमच्या विषयातली आहे असं मला वाटतं. आमच्याकडे एक बाई दाखल आहेत. शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवतात. थिनरचा डबा पेटला आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंत भाजल्या. जखम भरली, पण भरताना कातडी आक्रसली आणि हनुवटी छातीकडे ओढली गेली. त्यांना वर बघता येत नाही. म्हणाल्या, "डॉक्टर, सगळ्या गावाचे बूट पाठ झालेत मला. स्वतः रंगवलेली पाटी मात्र दिसत नाही."

त्यांच्या खांद्याच्या कातडीखाली आम्ही एक रबरी फुगा बसवला आहे. दर आठवड्याला त्यात थोडं मिठाचं पाणी भरायचं, की वरची कातडी हळूहळू वाढते. पुरेशी वाढली की ती सरकवून गळ्यावर आणायची. कडेच्या जागा ठरलेल्या असतात: हा बिंदू कानाच्या पाळीखाली, हा हनुवटीच्या टोकाशी, हा गळ्याच्या खळगीत. मधलं सगळं ताणून बसवायचं. जिथे ताण सगळ्यात जास्त पडतो तिथे रक्त पोचत नाही आणि तेवढा भाग काळा पडतो. बाकीची कातडी कितीही देखणी बसली तरी ती एक जागा गेली की सगळं मुसळ केरात.

तर प्रश्न असा, की सगळ्यात वाईट जागेवरचा ताण कमीत कमी कसा करायचा? आमचे मोठे सर हे नजरेने करतात आणि बहुतेक वेळा बरोबरच करतात. पण बहुतेक वेळा.

लग्न ठरलं तेव्हा पहिल्याच भेटीत तुम्ही खिशातला रुमाल ताणून मला असंच काहीतरी समजावलं होतं. मी मान डोलावली होती. कळलं काडीचंही नव्हतं. परवा आमच्या भूलतज्ज्ञांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, अहो मग विचारा ना त्यांनाच. म्हणून विचारते आहे.

तुमची,
सून


१७ फेब्रुवारी

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. हिने दोनदा वाचलं आणि माझ्या हातात उशिरा दिलं.

आधीच सांगतो, माझ्या अभ्यासाचं कपाट मी वर्षभर उघडलेलं नाही आणि उघडायचा विचारही नाही. निवृत्त मास्तराने निवृत्तच राहावं. तरी तू विचारलंस, म्हणून आठवेल तेवढं लिहितो.

रबराच्या कागदावर एक बारकं वर्तुळ काढलंय असं समज. कागद ताणलास की त्याचं लंबवर्तुळ होतं. त्याची लांबी रुंदीच्या किती पट झाली, तो त्या जागेचा विकार. आता एक आकार दुसऱ्या आकारावर बसवायच्या असंख्य तऱ्हा असतात, आणि प्रत्येक तऱ्हेत कुठे ना कुठे सगळ्यात मोठा विकार असतोच. ज्या तऱ्हेत हा सगळ्यात मोठा विकार लहानात लहान, ती आमच्या लेखी सर्वोत्तम. मी आयुष्यभर हेच केलं. लोक विचारायचे, याचा उपयोग काय? मी म्हणायचो, मला पगार मिळतो.

सगळ्यात सोपं उदाहरण देतो. चौरस घे आणि त्याचा दुप्पट लांब आयत कर, कोपरे कोपऱ्यांवर. उत्तम तऱ्हा कोणती? काही हुशारी न करता सगळीकडे सारखं ताणणं. एका जागेला सूट दिलीस की दुसरी कुठली तरी जागा तिचा भार उचलते आणि वाईटात वाईट आणखी वाईट होतं.

पण माझ्या भरवशावर सुरी चालवू नकोस. कातडी सगळ्या दिशांनी सारखीच दुप्पट ताणलीस तर वर्तुळ वर्तुळच राहतं. माझं शास्त्र म्हणेल, काहीच बिघडलं नाही. तुझ्या बाई मात्र किंचाळतील. शिवाय गळा सपाट नसतो आणि कातडी रबर नसते. म्हणजे तुझा प्रश्न माझ्या प्रश्नाचा चुलतभाऊ आहे, सख्खा नाही.

तरीही ते खांद्याचं आणि गळ्याचं चित्र असेल तर पाठव. नुसतं बघायला.

तुझा,
बाबा


२ मार्च

प्रिय बाबा,

सोबत दोन चित्रं आहेत. पारदर्शक कागद बाईंच्या अंगावर ठेवून कडा गिरवून घेतल्या. निळी रेघ म्हणजे आत्ताची खांद्यावरची कातडी, लाल रेघ म्हणजे गळ्यावर जिथे ती बसवायची ती जागा. सारख्या आकड्यांचे बिंदू एकमेकांवर यायला हवेत.

गिरवायला मदत भूलतज्ज्ञांनी केली. त्यांचं हे काम नव्हे, पण बाई त्यांच्याशीच नीट बोलतात. त्याचं कारण मला परवा कळलं. आम्ही सगळे त्यांच्याशी उभ्याने बोलतो, आणि बाईंना दिसतात आमचे बूट. हा माणूस खुर्ची नाही, स्टूल नाही, सरळ फरशीवर बसतो. मग त्यांना त्याचा चेहरा दिसतो. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्याचा चेहरा पेशंटने बघितलेला असावा, असं त्याचं म्हणणं.

बाईंना घाई आहे. पावसाआधी पाट्यांची कामं येतात. मोठे सर म्हणतात महिनाभरात करून टाकू. मला वाटतं फुगा आणखी भरू द्यावा. पण माझ्याकडे "मला वाटतं" याखेरीज काही नाही.

खोली ठीक आहे. खिडकीसमोर हॉस्पिटलची लाँड्री आहे, दिवसभर वाफ दिसते. जेवते वेळेवर. काळजी करू नका.

तुमची,
सून


२० मार्च

चि. डॉक्टर,

कपाट उघडलं. किल्ली सापडेना, तर हिने सुरीने उघडून दिलं. तुमच्या दोघींचा धंदा एकच.

तुझं चित्र घेऊन बसलो आहे. आधी वाटलं होतं, दोन दिवसांत वेळ मारून नेईन. पण कानाच्या पाळीखाली जो कोपरा आहे ना, पाच नंबरचा बिंदू, तो डोक्याला भुंगा लावून बसला. तिथे निळ्या रेघेचा कोन काटकोनाहून मोठा आहे आणि लाल रेघेचा चांगलाच चिंचोळा. दोन्ही कडांची लांबी तेवढीच ठेवून रुंद कोन चिंचोळ्यात बसवायचा म्हणजे त्या टोकाजवळ विकार येणारच. कितीही शहाणपणा कर, त्या कोपऱ्याच्या जवळ जवळ जात राहिलीस की तो तेवढा भेटतोच. बाकीच्या सगळ्या आकारात मिळून याहून मोठी अडचण कुठेच नाही. म्हणजे वाईटात वाईट किती, हे तो एकटा कोपरा ठरवतो.

आता यातून माझ्यासाठी काय निघालं ते ऐक. सर्वोत्तम तऱ्हा कधीकधी एकाहून अधिक असतात, हे आमच्यात जुनंच आहे. पण ज्या जातीच्या आकारांवर मी काम केलं, त्यांच्यापुरतं उत्तर एकच असणार, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. सिद्ध करता येत नव्हतं, एवढंच. तुझ्या बाईंचा गळा त्याच जातीचा आहे, आणि तिथे ते साफ खोटं आहे. कोपऱ्याने एकदा मर्यादा ठरवली की बाकीच्या जागेत ती न ओलांडता हवं तसं बसवता येतं. एक नाही, अनंत उत्तमं. मी तीनतीनदा तपासलं. माझं म्हणणं पडलं, आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

तुझ्या कामाचं ते आता. मला नेहमी कड आखून दिलेली असते, ती मी बदलू शकत नाही. तू बदलू शकतेस. मधल्या कातडीशी झुंजत बसू नकोस. कापतानाच तो कोपरा गोल कर, किंवा फुगा तिथपर्यंत भरू दे की निळा आणि लाल कोन एकमेकांच्या जवळ येतील. पण हा गणितवाल्याचा सल्ला आहे, सरांना विचारूनच काय ते कर. सोबत त्या कोपऱ्याचं चित्र काढून जोडलं आहे.

बाबा


२१ मार्च

चि. सूनबाई,

हे आंघोळीला गेलेत, तेवढ्यात लिहिते. यांच्याच पाकिटात घालीन.

यांनी दाढी करायला सुरुवात केली आहे. वर्षभर दाढी वाढवून खिडकीत बसलेला माणूस आता सकाळी उठून कागद मागतो. काल चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होते. मी मुद्दाम सांगितलं नाही, बघत बसले. फार बरं वाटलं.

आता दुसरं. मी काही गणितातली नाही, पण वाचता येतं मला. तो फरशीवर बसणारा कोण? आधी "आमचे भूलतज्ज्ञ" होते, मग "हा माणूस" झाला. यांच्या ते लक्षातही आलेलं नाही, यांना कोपरे दिसतात फक्त. मी काही विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. नाही वाटलं तर नको.

जेवते वेळेवर असं लिहिलंस म्हणजे जेवत नाहीस. जेव.

आई


२६ एप्रिल

चि. डॉक्टर,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. फोन केला तर "बरं आहे बाबा, गडबडीत आहे" म्हणालीस आणि ठेवलास. सर ऑपरेशन महिनाभरात करणार होते ना? त्याबद्दल अवाक्षर नाही.

मी काय समजायचं ते समजलो आहे. तो भाग काळा पडला. तू मला सांगत नाहीस, कारण कोपऱ्याचं माझं म्हणणं तू ऐकलंस आणि ते चुकलं. हिला म्हटलं, तर ही म्हणते, तुम्हाला काही कळत नाही, गप्प बसा. मी गप्प बसलो, पण रोज तेच कागद काढून बघतो. गणितात चूक सापडत नाही. पण गळा सपाट नसतो, हे मीच तुला लिहिलं होतं. माणसाच्या अंगावर मी कधी काम केलं नाही, आणि या वयात करायला नको होतं.

चुकलं असेल तर सरळ लिही. मुलगा गेला ते मला फोनवर एका परक्या माणसाने सांगितलं होतं. त्यानंतर कुठलीच बातमी जड नाही. न कळणं मात्र जड जातं.

बाबा


३ मे

प्रिय बाबा,

माझं चुकलं. ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात पत्र लिहायला हवं होतं.

आधी बाई. ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. तुमचं पत्र मी सरांना दाखवलं. त्यांनी चित्रातल्या पाच नंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा कोपरा मी गोल करतोच, पण इतका नाही. मग म्हणाले, दोन आठवडे थांबू, फुगा भरू दे. बाई माझ्यावर रागावल्या. त्यांना मी तुमचं चित्र दाखवलं. त्या रेघेकडे बघूनच म्हणाल्या, "इथे ब्रश वळत नाही, बरोबर आहे," आणि थांबायला तयार झाल्या.

दुसऱ्या दिवशी कातडी निळी पडायला लागली होती, हे खरं. पण कानाखाली नाही, हनुवटीच्या खाली मधोमध. आत रक्त साचलं होतं. दोन टाके काढून ते वाहून जाऊ दिलं, आणि संध्याकाळपर्यंत रंग परत आला. कानाखालचा कोपरा पहिल्यापासून गुलाबी होता. बाबा, तुमच्यामुळे काहीही बिघडलं नाही. परवा बाईंनी छताकडे बघितलं आणि पंख्यावर किती धूळ आहे त्यावरून वॉर्डबॉयला फैलावर घेतलं.

मग मी का लिहिलं नाही?

ऑपरेशन झालं त्या दिवशी, हात धुताना, भूलतज्ज्ञांनी मला विचारलं. लग्नाचं. मला कल्पना नव्हती असं म्हणणार नाही. मी "सांगते" म्हटलं आणि अजून सांगितलेलं नाही. त्यांना होकार द्यायचा तर आधी तुम्हाला सांगायला हवं, आणि तुम्हाला सांगायचं तर कसं, ते सुचत नव्हतं. रोज पत्राला बसायचे. "प्रिय बाबा" लिहायचे आणि पुढे काही नाही. बाईंबद्दल लिहिलं असतं तर तेवढंच लिहून हे लपवल्यासारखं झालं असतं.

फेब्रुवारीतलं पत्रही खरं म्हणजे उत्तरासाठी नव्हतं. आई म्हणाल्या होत्या, तुम्ही बोलत नाही. मला तुमच्याशी बोलायला काहीतरी हवं होतं, जे त्याच्याबद्दल नसेल. त्याच्याबद्दल मी कुणाशीच बोलू शकत नाही. या माणसाशीसुद्धा नाही. तो काही विचारायला लागला की मी विषय बदलते. मला वाटतं, त्याच्याबद्दल एक शब्द जरी बोलले तरी आतलं सगळं बाहेर येईल, आणि मग मी नव्या कुणाच्या घरात कशी राहीन?

तुम्हाला राग आला तर तोही सरळ लिहा. तुम्ही नको म्हणालात तर मी का म्हणूनही विचारणार नाही.

तुमची,
सून


१९ मे

चि. डॉक्टर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहिलं होतं. चांगलं लांबलचक, विचारपूर्वक, मास्तरी थाटाचं. ते फाडलं. कारण ते टाकायच्या आत काल दुपारी दारावर एक माणूस आला. तुला सुट्टी नव्हती आणि त्याला होती, म्हणून तुला न सांगता आला. त्याच्यावर रागावू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

मी दार उघडलं. तो म्हणाला, मी भूल देणारा. मी म्हटलं, या. दुसरं काय म्हणणार? चपला नीट जोडून ठेवल्या. हे हिने टिपलं, मी नाही. मी त्याला मोठ्या खुर्चीवर बसवलं. मी माझे कागद काढले. पाच नंबरच्या कोपऱ्याबद्दल सांगायला लागलो. त्याने मनापासून ऐकलं. एकदा विचारलं, म्हणजे कोपऱ्याचं एकदा ठरलं की बाकीच्यांना मोकळीक? मी म्हटलं, मर्यादेच्या आत, हो. बरा विद्यार्थी आहे. तू मान डोलावली होतीस, याने प्रश्न विचारला.

ही चहा घेऊन आली आणि समोर बसली. तेव्हा त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मी परवानगी मागायला आलो नाही. ती तिला हवी आहे, तिची तीच मागेल. मला दुसरं काहीतरी हवंय. तो कसा होता ते मला सांगाल का? ती सांगत नाही. मला वाटतं, मला त्रास होईल म्हणून सांगत नाही. पण ती जिथे राहील तिथे तो असणारच. मला त्याची काही ओळखच नाही, आणि मग घरात मीच परका होईन."

मी हिच्याकडे बघितलं. वर्षभरात आम्ही दोघं त्याच्याबद्दल एकमेकांशी चार वाक्यंही बोललेलो नाही. मी बोललो तर हिला त्रास होईल असं मला वाटायचं. हिला माझ्याबद्दल तेच वाटत होतं, हे काल कळलं. एका घरात राहून दोन माणसं एकमेकांना इतकं सांभाळतात की एकमेकांना दिसेनाशी होतात.

सुरुवात मी केली. तो लहानपणी किती हट्टी होता ते सांगितलं. ही म्हणाली, हट्टी नव्हता, तुम्ही हट्टी होतात. मग आमचं भांडण लागलं. खरंखुरं, पूर्वीसारखं. हा पाहुणा मधे बसून ऐकतोय. आमच्या पोराचा बेसूर आवाज, ते जाडजूड बूट, पुलांच्या कामावरून महिनामहिना घरी न येणं आणि आल्यावर दोन दिवस झोपून राहणं, सगळं निघालं. पहिल्यांदा इथे यायची कल्पना तुझी असं मी समजत होतो, हिच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याची होती, तेही निघालं. चहा गार झाला. हिने दुसरा केला, तोही गार झाला.

मग ही पाहुण्याला म्हणाली, पुलाचं तुम्हाला कोणी सांगितलं का? तुलाही ते ठाऊक नसेल, कारण मलाही नव्हतं. त्याने बांधलेला पहिला पूल उघडायच्या आधी तो हिला स्कूटरवर मागे बसवून तिथे घेऊन गेला होता. मधोमध स्कूटर थांबवली आणि म्हणाला, आई, उतर आणि उडी मार, बघ हलतोय का. हिने इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं, आणि मारली. म्हणाला, अजून जोरात. हिने पुन्हा मारली. तो कठड्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता, आणि मग म्हणाला, झाला पास.

हे सांगताना ही उठली. मला वाटलं चहाचे कप न्यायला. तर या वयात, आमच्या बैठकीच्या खोलीत, पदर खोचून हिने चांगली हातभर उंच उडी मारून दाखवली. पाहुणा घाबरून उठला आणि त्याने हिचा हात धरला, पडतील म्हणून. हिने त्याचा हात सोडला नाही. तशीच उभी राहिली आणि मग रडली. मीही. मग तो हिचा हात तसाच धरून खुर्चीऐवजी खाली फरशीवर बसला, आणि ही त्याच्याशेजारी.

संध्याकाळची गाडी चुकली म्हणून रात्री इथेच राहिला. सकाळी गेला.

तू विचारलंस, राग आला का? नाही. तू विचारलं नाहीस ते सांगतो. त्याच्याबद्दल बोल. आमच्याशी बोल, या माणसाशी बोल. घाबरतेस तसं काही होत नाही, आम्ही करून पाहिलं. होकार आजच कळव. तो वाट बघतोय आणि तसं दाखवत नाही. नोंदणीच्या दिवशी साक्षीदार लागतील, त्यांत आमची दोघांची नावं घाल.

हिला हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, सगळं बरोबर आहे, फक्त उडी मी एवढी उंच मारली नव्हती असं लिहा. आणि कालपासून बोलून बोलून तिचा घसा बसलाय, काय घेऊ ते तुला विचारायला सांगितलंय.

बाबा